नावं मोजून घेतलेलं यंत्र

मी चौथी शिकलेली. नवरा पलटणीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात ऊस ऑफिसात चिठ्ठ्या लावायच्या कामाला लागले. उसाच्या रानाच्या एकेका तुकड्याची एक चिठ्ठी, तिच्यावर लागणीची तारीख. तारखेप्रमाणे त्या खणांत लावायच्या. त्यावरून तोडीची पाळी ठरायची.

मग संगणक घ्यायचं ठरलं. मुंबईहून आलेल्या साहेबानं सांगितलं, एकाच यंत्रात ऊस, पगार आणि गोदाम तिन्ही खाती चालतील. यंत्राची मेमरी, म्हणजे माहिती ठेवायची जागा, तिघांत वाटून द्यायची. प्रत्येकाला वाटणार, यंत्र आपल्या एकट्याचंच आहे. मात्र कुणाला किती जागा लागते ते आधी नीट सांगा, नंतर वाढवता यायचं नाही.

हेडक्लार्कनी सभासदांची नावं मोजून आकडा दिला. तिथंच चुकलं. आमच्याकडे चार भावांची जमीन थोरल्याच्या नावावर असते, पण लागण ज्याची त्याची वेगळी. नाव एक, चिठ्ठ्या चार. माझाही तुकडा थोरल्या दिरांच्या नावावर होता आणि माझी लागण त्यांच्या अडीच महिने आधीची.

मी हेडक्लार्कना म्हणाले, "आवं, नावं नका धरू. चिठ्ठ्या मोजा."

"मुंबईच्या सायबाला आता तुमीच शिकवा, बाई. खुर्ची देऊ काय बसायला?"

सगळे हसले. सगळे खण मोजायला मला दोन दिवस पुरले असते. मोजून कागद साहेबापुढं ठेवता आला असता. नोकरी जाईल म्हणून भ्याले, ठेवला नाही.

यंत्र आलं. माहिती भरता भरता उसाची जागा निम्म्यातच संपली. पगारवाले आपली जागा सोडेनात. शेवटी हेडक्लार्कनी हुकूम काढला की एका नावाला एकच तारीख भरायची, थोरल्याची. उरलेल्या चिठ्ठ्या मीच पोत्यात भरल्या. त्यांत माझीही होती.

माझ्या उसाला दिरांची पाळी लागली. तोवर त्याला तुरे येऊन गेले, आतून तो पोकळ झाला. धाकट्या दिराचीही तीच गत. निम्मा ऊस आम्ही जनावरांना घातला.

थोरले दीर बांधावर उभे होते. त्यांनी विचारलं, "तू तर तिथंच असतीस. तुला कायच ठावं न्हवतं?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि विळा घेऊन पुढच्या सरीला लागले.