डबीला वारा

मे महिन्यात अकोल्याहून अमरावतीला येणाऱ्या एसटीत एक काका भेटले. तिघांच्या बाकावर खिडकीशी त्यांची बायको, मध्ये ते आणि कडेला मी. त्यांच्या मांडीवर प्लास्टिकची उघडी डबी होती आणि डबीत पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर. हातातल्या लग्नपत्रिकेने ते त्याला वारा घालत होते, तान्ह्या बाळाला घालावा तसा.

"आमच्या वांग्याले हाच पाणी सोडते," त्यांनी न विचारताच सांगितलं. "पन उन्हानं तापला का मधातच बंद पडते. मागच्या हप्त्यात अर्धी रोपं वाळली."

अकोल्याच्या मेकॅनिकने त्यावर बोटभर पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून दिल्या होत्या. "आता भेव नाही म्हने. पन मीच घाबरून राहिलो."

मूर्तिजापूर गेलं तरी वारा घालणं चालूच होतं. मग राहवलं नाही. "काका, तो आत्ता बंद आहे. बंद असला की तापत नाही."

त्यांचा हात थांबला. ते इतके ओशाळले की मला बोलल्याचा पस्तावा झाला. तेवढ्यात डोळे मिटून बसलेल्या काकू म्हणाल्या, "थांबले काहून जी? मलेबी वारा लागून राहिला होता."

काकांनी डबीला झाकण लावलं, ती सरळ माझ्या मांडीवर ठेवली आणि काकूंकडे वळून जोरात वारा घालू लागले. अमरावतीपर्यंत डबी मीच सांभाळली. आणि खोटं कशाला बोलू, उन्हाची तिरीप आली की झाकणावर हात धरत होतो.