संजीवकाकांचा हलका ट्रिगर

अमेरिकेत, अल्फारेटातल्या एका बंदुकांच्या दुकानात, मागच्या बाजूला, आश्लेषा काम करायची. गिऱ्हाइकांच्या पिस्तुलांना बाहेरून मागवलेले सुटे भाग बसवायचे, कानशीने घासून जुळवायचे, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. आईबाबा ओळखीच्यांत ‘ती मशीन डिझाइनमध्ये आहे’ एवढंच सांगत.

संजीवकाका दुकानाचं एकमेव मराठी गिऱ्हाईक. सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालेले, दर शनिवारी रेंजवर कागदी लक्ष्यावर नेमबाजी करणारे. त्या वर्षी त्यांचा नेम बिघडला. फेब्रुवारीत डोळ्यांना दोष देऊन त्यांनी नेम धरायची लाल ठिपक्याची साइट बसवून घेतली. एप्रिलमध्ये हातातून निसटते म्हणून खरखरीत मूठ. आश्लेषाने दोन्ही कामं मन लावून केली, पण गोळ्या जायच्या तिकडेच जात राहिल्या.

जूनमध्ये ते हलका ट्रिगर घेऊन आले. बोट नुसतं टेकलं की गोळी सुटली पाहिजे, म्हणाले. खोका काउंटरवर ठेवून त्यांनी हात तिथेच टेकला, आणि आश्लेषाला दिसलं, की अंगठा नि तर्जनी आपोआप हलतायत, वाती वळल्यासारखी.

काम वीस मिनिटांचं होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर आलं. तरी तिने खोका परत सरकवला.

“काका, हा मी नाही बसवणार. हात असा हलत असताना इतका हलका ट्रिगर डेंजरस आहे.”

“वय झालंय माझं, दुसरं काही नाही.”

“पिस्तुलात काहीच प्रॉब्लेम नाहीये, काका. प्लीज, डॉक्टरांना दाखवा.”

काका खोका उचलून निघून गेले. पुढचे कितीतरी दिवस तिला चैन पडेना. गावात दुकानं काय कमी होती? दुसरा कुणीही तो बसवून देईल. शेवटी तिने बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी दोनदा फोन केला. काकांनी उचलला नाही.

ऑगस्टमध्ये काकांच्या पत्नी नीलाकाकू एकट्याच दुकानात आल्या. त्यांच्याकडून कळलं, ट्रिगर बसवलाच नव्हता. महिनाभर काकांनी घरात कुणाला काही कळू दिलं नाही. मग एका सकाळी शर्टाची बटणं लागेनात, तेव्हा पलंगावर बसून त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं. पार्किन्सन्स निघाला होता. औषधं सुरू झाली होती, हात थोडा स्थिरावला होता. पिस्तूल विकायचं काकांनी स्वतःच ठरवलं होतं, पण ते आत यायला तयार नव्हते. गाडीत बसून होते.

आश्लेषा बाहेर गेली. काकांनी काच खाली केली.

“सहा महिने मी त्या पिस्तुलाला नावं ठेवत होतो,” ते म्हणाले.

तिने दार उघडलं नि त्यांना आपल्या टेबलाशी नेऊन स्टुलावर बसवलं. एका गिऱ्हाइकाची साइट अर्धी बसवून पडली होती. ती काम करत राहिली, काका बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, हा स्क्रू इतका हळू का पिळतेस? ती समजावून सांगू लागली. सांगता सांगता मराठी शब्द अडला, की काका तो पुरवत होते.