फोटोखालचं नाव

जानेफळच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो, तेव्हा फोन आला. शेख सर गेले, हृदयविकाराने. जुडी परत ठेवली आणि... कुठे जायचं होतं तेच आठवेना. त्याला दीड महिना झाला. आमचा अबोला मात्र त्याआधी तीन वर्षांचा. लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

आम्ही दोघं एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळी लागली, त्या हंगामात आम्ही मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी अळी ओळखायची पुस्तिका केली. मोबाइलवर फुकट, कोणीही घ्यावी, छापावी, वाटावी. मजकूर माझा. फोटो मी इंटरनेटवरून उचलले, आणि एकाच्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचं नाव होतं, ते पानात मावेना म्हणून सरळ कापलं. पुस्तिका गावोगाव गेली, मी फुशारून गेलो. दोन दिवसांनी सरांना तोच फोटो मूळ ठिकाणी, नावासकट दिसला.

"नाव काऊन कापलं, गजाननराव?"

"फुकटच तर देऊन राह्यलो, सर. विकतो थोडी."

"आपलं फुकट द्या ना. दुसऱ्याचं वाटणारे आपण कोण?"

त्यांनी मोबाइलच्या सगळ्या गटांवर कळवलं, ही पुस्तिका वापरू नका. ऐन बोंडं भरायच्या दिवसांत! माझं डोकंच फिरलं. "लोकायच्या कपाशीत अळी अन् तुम्हाले नावाची पडली," असं मी सगळ्या शिक्षकांसमोर बोललो. सरांनी छायाचित्रकाराकडे परवानगी मागितली, उत्तर आलं नाही. मग आठवडाभर शाळा सुटल्यावर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून, बोंडं फोडून, त्यांनी अळ्यांची चित्रं स्वतः काढली. चित्रकलेचा हात यथातथाच, पण लोकांनी त्यावरून अळी बरोबर ओळखली. नव्या पुस्तिकेत मजकुराखाली माझं नाव होतं, चित्रांखाली कोणाचंच नाही. तरी मी ताठ तो ताठच.

यंदा पुस्तिका पुन्हा काढायची ठरली. चित्रांखाली सरांचं नाव टाकावं म्हणून परवा सरांच्या घरी, भाभींकडे गेलो. न विचारता टाकायची हिंमत आता राहिली नव्हती. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"टाका ना, भाऊ. मी कायले नाही म्हणू," त्या म्हणाल्या. मग रिकामा कप उचलत... "पण विचाराले त्यायच्यापाशी यायचं होतं. दर इतवारी वाट पाहत होते तुमची."