शेवटच्या रांगेतला ठिपका

ही गोष्ट सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं, कारण माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरच्या अंगणात बायको शेजारच्या मुलांना ठिपक्यांच्या रांगोळीतून मोजायला शिकवायची. एकदा तिला ताप आला, म्हणून खडू घेऊन मीच बसलो. पाच रांगा, प्रत्येकीत पाच ठिपके. रेषा जोडत गेलो, तर कमळाची एक पाकळी जुळेचना.

"काका, शेवटच्या रांगेत चारच आहेत," एक चिमुरडी म्हणाली.

"तूच पायानं पुसला असशील."

"मी तर इकडे बसलेय, यार."

पोरं खिदळली. मी तिला घरी पाठवलं. नंतर वाकून पाहिलं, तर फरशीवर पुसल्याची खूणही नव्हती. मीच चार काढले होते. ती पुन्हा आली नाही. बायकोनं कारण विचारलं तेव्हा म्हणालो, "तिला गणितात रस नाही."

परवा मुनिरक्याच्या बाजारात एक कॉलेजची मुलगी समोर आली. "काका, ओळखलंत? मी ती, पायानं ठिपका पुसणारी."

माफी अगदी ओठांवर आली होती. तोंडातून निघालं, "पाय बरे आहेत ना?"