रेडिएटरचं पाणी जातं कुठं?

पोळीवर तूप सोडताना विहीणबाईंचा हात काही आवरत नाही, आणि शालनला नको म्हणायचा धीर होत नाही. वैजूचं डोहाळजेवण झोकात पार पडलंय. आता चहा झाला की चिपळूणहून निघायचं, घाट चढून लेकीला बाळंतपणासाठी कराडला न्यायचं. तोवर पाठ टेकावी म्हणून शालन आडवी होते. डोळे मिटतात, पण जीव गाडीपाशीच. नवऱ्यामागं राहिलेली ती जुनी मोटार चढाला टकटक करते. रेडिएटरमधलं हिरवं, कूलंट घातलेलं पाणी रोज कमी होतं, आणि खाली जमीन खडखडीत कोरडी! लेक सुहास म्हणतो, "मेकॅनिकनं बघितलंय आई, काही गळत नाही." मग पाणी जातं कुठं? पितंय की काय कुणी?

विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात गाडी उभी आहे, ओट्याला लागून, बॉनेट उघडं. दिनकरराव वाकलेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हे शालन विसरलेली नाही.

"ऐक," ते म्हणतात. "पाण्याविना तापलीय बिचारी, म्हणून टकटकते."

"तुम्ही कशाला आलात?"

"बस गाडीत."

शालन मागं सरते. गेलेल्या माणसानं स्वप्नात बोलावलं तर जाऊ नये, असं तिची आई सांगायची. आणि आजच बरं बोलावणं? पोटुशी लेक निघायची त्याच दिवशी? एकटं करमत नसेल तिकडं!

"मी नाही यायची. आणि पोरीकडं तर बघायचंसुद्धा नाही, सांगून ठेवते."

"अगं, नेतोय कोण तुला? नुसती बस. चपला काढून."

ओटा नाही आता, कुंभार्ली घाटातलं वळण आहे. खाली धुकं, गाडी कड्याशी. म्हणे चपला काढ! हा माणूस पाहुण्यालासुद्धा बूट काढल्याशिवाय गाडीत बसू देत नसे. तो गेला आणि सगळे बुटांसकट खुशाल बसू लागले. मेल्यावरही गाडीचंच कौतुक, शालन चडफडते.

"किल्ली कुणाकडं आहे?"

"तुझ्याकडंच."

खरंच, तिच्याच मुठीत. दिनकरराव हात मागं बांधून लांब सरतात. तरी शालन एक पाय रस्त्यावरच ठेवते. दुसरा आत टाकते आणि दचकते. मॅट गार, ओलीचिंब, चिकट. वास गोडसर.

"हीटरची नळी आतल्या आत गळतेय," ते म्हणतात. "सगळं पाणी मॅट पितेय, जमीन कशाला ओली होईल? बुटांना कळतंय होय?"

"मग सुहासला सांगायचं."

"तो जिवंतपणी ऐकत नव्हता माझं." मग हळूच म्हणतात, "वैजू असताना घाटात पेटली असती गं गाडी."

 शालन दुसराही पाय आत घेते.

"अगंबाई! चादरीला हे हिरवं काय लागलंय?"

चहाचा कप घेऊन विहीणबाई उभ्या. शालन उठून बसते. पायांचे दोन्ही तळवे हिरवट, चिकट, आणि नव्या चादरीवर तसेच डाग. खाली सुहास हॉर्न वाजवतोय.

"वैजूला गाडीत बसू देऊ नका," ती ओरडते. "आज निघायचं नाही!"

"अहो, पण झालं काय?"

"आमचे हे येऊन गेले." शालनला रडू फुटतं. "आणि मी मेलीनं त्यांना बसा म्हणूनसुद्धा म्हटलं नाही हो."