मामाचा पूर्णविराम

माझा मामा लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायचा आणि रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवायचा. कुणी वाद उकरून काढला की तो शेवटचं पान उघडायचा. ‘या पुस्तकात भर घालू नका, असं इथेच लिहिलंय. विषय संपला.’ म्हणून आम्ही भाचरं त्याला पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणायचो.

माझी आई त्याची थोरली बहीण. लग्न करून ती दुसऱ्या पंथात गेली. बायबल म्हणजे अनेक छोट्या पुस्तकांचा एक ग्रंथ; तिथल्या बायबलात अशी सात पुस्तकं जास्त. तेवढ्यावरून दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांचं डोकं खाल्लं आणि मग बोलणंच टाकलं. मला तर दोघांचाही वीट आला होता.

आई अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मामा आला. कामावरून थेट, सुजलेल्या पायांनी. आईने आपलं बायबल त्याच्यापुढे सरकवलं.

‘हे वाच. तुझ्या आवाजात ऐकायचंय.’

पान नेमकं त्या सातांपैकीच एका पुस्तकाचं. या अवस्थेतही बाईचा हट्ट सुटेना!

‘ताई, भर घालू नका असं...’

‘ते त्या शेवटच्या पुस्तकापुरतं आहे रे. पाचव्या पुस्तकातही तसंच म्हटलंय. मग तिथेच थांबायचं होतं का? कुठली पुस्तकं धरायची, कुठली नाही, हे बायबलात कुठे लिहिलंय ते दाखव.’

मामाने खुर्चीत बसकण मारली.

‘नाही लिहिलेलं,’ तो म्हणाला. ‘मला कधीपासून ठाऊक आहे. वाडवडिलांनी एवढीच मानली, म्हणून मी मानतो. पण वर्गात असं सांगून कसं चालेल? दमलो गं ताई मी.’

मला त्याची कीव आली आणि रागही आला. एवढं आधी बोलला असता तर!

त्याने वाचलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. वाचून झालं की वाचणाऱ्याने ‘हे देवाचं वचन’ म्हणायचं आणि ऐकणाऱ्याने ‘आमेन’, ही दोघांची लहानपणापासूनची सवय. आई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मामाचे ओठ हलले आणि थांबले. खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं होतं आणि तिला दुखावणंही.

‘मला माहीत नाही, ताई,’ शेवटी तो म्हणाला.

‘आमेन,’ आई म्हणाली.