उपरण्याखालचा भाव

व्यापार करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण व्यापार शिकवणाऱ्याला ती जितकी तुच्छ मानतात, तितकं त्यांनी चोरालाही मानलेलं मी पाहिलं नाही. चोर निदान त्यांच्या ओळखीचा असतो.

मुंबईहून कॉमर्सची पदवी घेऊन सांबऱ्याला घरी परतलो, तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिला प्रश्न टाकला, "आता दुकान कुठं घालनार?" मी म्हणालो, दुकान नाही, मी व्यापार शिकवणार. आप्पा म्हणाले, "येत असंल तर कर की. येत न्हाय तर शिकिवनार काय?"

या प्रश्नाचं उत्तर पदवीत नव्हतं. शेवटी बोली ठरली. वर्षभरात कायमची नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं शेतात उतरायचं. शेताची मला भीती नव्हती. आप्पांचं म्हणणं खरं ठरेल, ही भीती होती.

निपाणीच्या एका हायस्कुलात कॉमर्सचा विषय नवाच सुरू झाला होता. तिथं मी वर्षाच्या बोलीवर लागलो. शाळा चालवणारं मंडळ तंबाखूच्या व्यापाऱ्यांचं. देणगी दिली की आपलं नाव फाटकावर लागतं, हे कळल्यापासून चेअरमनसाहेबांना विद्येची गोडी लागली होती. भाडं थकलेल्या भाडेकऱ्यानं घरमालकासमोर उभं राहावं, तसे हेडमास्तर त्यांच्यासमोर उभे राहत. मला नेमून दिलेलं पुस्तक विलायती होतं. शेजारच्या वखारीतून तंबाखूचा खकाणा वर्गात येई आणि मी शिंकत शिंकत लिव्हरपूलच्या बाजारातल्या कापसाची हकीकत सांगे. समोर बसलेली पोरं तंबाखू पिकवणाऱ्यांची. त्यांच्या तोंडावरची माशी हलत नसे.

वर्ष संपत आलं आणि मंडळ माझा पाठ बघायला येणार असं ठरलं. तो पसंत पडला तर मी कायम. विषय होता, बाजारभाव कसा ठरतो. हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "चेअरमनसाहेबांना पाठात जरा पुढं घ्या. त्यांना आवडतं."

मीही कमी लाचार नव्हतो. घेतलं पुढं.

त्या काळी आमच्याकडे मालाचा भाव तोंडानं बोलत नसत. शेतकऱ्याचा माल विकून देणारा मधला माणूस म्हणजे अडत्या. तो आणि खरीददार उपरण्याखाली हातात हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहून उपरण्याची हालचाल बघे. मग अडत्या तोंडानं एक आकडा जाहीर करी आणि शेतकरी मान हलवी. यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं. मलाही तेव्हा त्यात फक्त एक चटकदार पाठ दिसला.

चेअरमनसाहेब खरीददार झाले. अडत्या म्हणून मी त्यांच्या दाजींना उभं केलं. ते खरोखरचेच अडत्ये होते आणि चेअरमनसाहेबांचा सगळा माल त्यांच्याच हातून येई. वर्गाला मी शेतकरी व्हायला सांगितलं. त्यासाठी पोरांना काही करावं लागलं नाही.

दाजींनी खांद्यावरचं उपरणं दोघांच्या हातांवर टाकलं. ते थोडं हललं. मग दाजी वर्गाकडे वळले आणि बाजारातल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अकरा!"

चेअरमनसाहेब उसळले. "अकरा कुठलं? मी तेरा दिलं की!"

पोरांसमोर त्यांनी दिलदारी केली होती आणि ती कुणाला कळणारच नव्हती, हे त्यांना सहन झालं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "मग दोन कुठं गेलं?" आणि सगळा वर्ग खदखदून हसला.

दाजींचा हात अजून उपरण्याखालीच होता. त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं, रोजचं तेच तोंडातून गेलं होतं. मला सगळ्यात किळस आली ती याची. लबाडी करायला माणसानं निदान थोडी मेहनत तरी घ्यावी.

चेअरमनसाहेबांनी दाजींकडे पाहिलं. आजवर आपण दिलेला भाव कुठं कुठं झिरपला, याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसला. वाटलं, आता दाजींची धडगत नाही. पण ते वळले माझ्याकडे आणि अर्ध्या कानडीत म्हणाले, "येन्री मास्तर, हे काय शिकिवता पोरांस्नी?"

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी निकाल सांगितला. मी कायम होणार नव्हतो. "तुम्हाला व्यापाराचं प्रत्यक्ष ज्ञान नाही, असं मंडळाचं मत पडलं." हे बोलताना ते हसले असते, तर मी त्यांना निम्मं माफ केलं असतं.

आणि ज्यांच्यासाठी चुकून हे उजेडात आलं ते शेतकरी? पोरांना घरी मार बसला, अडत्याला हसलास म्हणून. पुढच्या बाजाराला त्यांचे बाप तसेच उपरण्याशेजारी उभे होते.

मी ट्रंक घेऊन मोटारस्टँडवर बसलो होतो, तेव्हा दाजी आले. त्यांच्या डोक्यावर छत्री धरून त्यांच्या पेढीवर हिशेब लिहिणारे म्हातारे दिवाणजी मागं उभे होते.

"मास्तर, मनात धरू नगासा," दाजी म्हणाले. "तोंडाला सवय, दुसरं काय? तुमच्यासारखा शिकल्याला मानूस आमच्या पेढीवर हिशेबाला पायजे." असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला, वर उपरणं टाकलं आणि बोटं दाबली.

बोटांची ती भाषा मला येत होती. पगार शाळेच्या दुपटीहून जास्त होता. खोटं कशाला सांगू, मन हललं. आप्पांसमोर खाली मान घालून जावं लागणार नव्हतं.

"मोठ्यानं सांगा, दाजी," मी म्हणालो.

"आं?"

"आकडा मोठ्यानं सांगा. आत्ता येतो."

दाजींनी मागं बघितलं. ज्यांच्या जागेवर मला बसवायचं होतं ते दिवाणजी, स्वतः उन्हात उभे राहून, उपरण्याची हालचाल बघत होते. बाजारातले शेतकरी बघतात तशीच. दाजींनी हात काढून घेतला.

संध्याकाळी सांबऱ्याला पोचलो. आप्पा शेताच्या बांधावर बसले होते. ट्रंकेकडे बघून त्यांनी ओळखलं.

"जमलं न्हाय नव्हं?"

"व्यापार नाही जमला," मी म्हणालो. "शिकवणं जमलं."

आप्पांनी खुरपं माझ्याकडे सरकवलं.